गाळलेली स्लाइड

मागच्या वर्षी सेकंड इयरला असताना डिपार्टमेंटच्या सेमिनार स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. विषय होता वेर्नर फॉन ब्राउन. बक्षीस म्हणजे एक सर्टिफिकेट आणि दोनशे रुपयांचं पुस्तकांचं कूपन. (लेडीज हॉस्टेलने पार्टी मात्र आठशेची उकळली!) एकूण बावीस स्लाइड्स होत्या. बालपण, व्ही-टू रॉकेट, अमेरिका, सॅटर्न-५ आणि शेवटी चंद्रावरच्या अंतराळवीराचा फोटो. फोटो आला की टाळ्या पडणार हे मला आधीच माहीत होतं. तशा पडल्याही.

खरं सांगायचं तर स्लाइड्स तेवीस होत्या. आदल्या रात्री प्रॅक्टिस करताना दहा मिनिटांच्या वर जात होतं. रूममेट मोबाइलवर वेळ लावून बसली होती, ती म्हणाली की एक काहीतरी काप. मी कापली ती स्लाइड होती डोराची. त्या स्लाइडवर तीनच ओळी होत्या आणि टेक्निकल असं त्यात काहीच नव्हतं. शिवाय ती आली की सगळा मूडच जायचा. डिलीटचं बटण दाबलं आणि झोपले.

हा लेख म्हणजे ती तेविसावी स्लाइड. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. संपादक मंडळी दोनदा रूमच्या दारापर्यंत येऊन गेली म्हणून लिहितेय हेही कबूल करते.

फॉन ब्राउनशी माझी पहिली भेट आठवीत 'अग्निपंख'मध्ये झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तशीच झाली असेल. तो भारतात आला होता आणि कलामसाहेब त्याच्यासोबत मद्रासहून थुंब्याला विमानाने गेले होते, हा प्रसंग वाचून मी अक्षरशः वेडी झाले होते. तेव्हापासून तो माझा हिरो.

हिरो होण्यासारखं त्याच्यात होतंही. जन्म २३ मार्च १९१२, त्या वेळच्या जर्मनीतल्या विरझिट्झ गावचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. घराणं जमीनदार उमरावांचं, वडील पुढे जर्मनीचे कृषिमंत्री झाले. आईने त्याला एक दुर्बीण भेट दिली आणि पोरगं आकाशाकडे बघत बसायला लागलं. बाराव्या-तेराव्या वर्षी बर्लिनमध्ये त्याने एका ढकलगाडीला दिवाळीतल्यासारखी बाणाची रॉकेटं बांधली आणि भर रस्त्यात पेटवून दिली. पोलीस घेऊन गेले, वडिलांनी सोडवून आणलं. आता गंमत बघा. हा मुलगा गणित आणि फिजिक्समध्ये चक्क नापास होत होता! म्हणून घरच्यांनी त्याला हॉस्टेलवर टाकलं. म्हणजे तोही आपल्यासारखा हॉस्टेलाइटच. वायमार शहराजवळ एटर्सबुर्ग नावाच्या जुन्या वाड्यात ती निवासी शाळा होती. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

त्याच काळात त्याने हेर्मान ओबेर्थ यांचं रॉकेटवरचं पुस्तक मागवलं. उघडलं तर पानोपानी समीकरणं. एक अक्षर कळेना. रॉकेट बनवायचं तर गणित यायला हवं, एवढं मात्र त्याला कळलं आणि तो असा काही पेटला की पुढे बाकीच्या मुलांना गणित शिकवायला लागला. १९३० मध्ये बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजात दाखल, १९३२ मध्ये मेकॅनिकलची डिग्री, १९३४ मध्ये बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय लिक्विड फ्युएल रॉकेट. लष्कराने तो प्रबंध गुप्त ठेवला, कारण १९३२ च्या शेवटापासून तो लष्करासाठीच काम करत होता. रॉकेटला पैसा लागतो आणि पैसा लष्कराकडे होता, इतकं साधं गणित. १९३७ मध्ये बाल्टिक समुद्राच्या काठी पेनेम्युंडे इथे भलंमोठं रॉकेट केंद्र उभं राहिलं, त्याचा टेक्निकल डायरेक्टर हा. वय वर्षं पंचवीस! आपल्याकडे पंचविसाव्या वर्षी लोक एम.ई.चं सबमिशन करत असतात. त्याच वर्षी तो नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि १९४० मध्ये एसएसमध्ये गेला. सेमिनारमध्ये या दोन वाक्यांसाठी मी पाच सेकंद दिले होते.

या मे महिन्यात माझ्या मावशीने जर्मनीला बोलावलं. मावशी आणि काका एर्फुर्टला राहतात. गेल्या गेल्या मी जाहीर केलं की मला बाकी काही नको, व्ही-टूचा कारखाना बघायचाय. काका जरा गप्प झाले. मग म्हणाले की तिथे आता कारखाना नाही, स्मारक आहे, आणि यायचं असेल तर आधी नीट नाश्ता करून घे.

एर्फुर्टहून नॉर्डहाउझेन ट्रेनने सव्वा-दीड तास. तिथून दहा नंबरची ट्राम. ही ट्राम गावात विजेच्या तारेवर चालते आणि गावाबाहेर नॅरोगेज रुळांवर शिरली की डिझेल इंजिन सुरू करते. मी वाकून वाकून बघत होते, कुठे बदल होतो ते कळतं का. मला खूप मजा येत होती, हे मुद्दाम लिहितेय. ट्राममधून उतरून आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना शेतं, घरं, फुलं, आणि समोर कोनश्टाइन नावाची हिरवीगार टेकडी. पिकनिकलाच आल्यासारखं वाटत होतं.

आता थोडं रॉकेटबद्दल, कारण मेकॅनिकलवाल्यांना राहवणार नाही. लांबी १४ मीटर, वजन साडेबारा टन, टोकाला साधारण एक टनाचा बॉम्ब. इंधन म्हणजे पाणी मिसळलेलं अल्कोहोल, सोबत लिक्विड ऑक्सिजन. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेवर फिरणारा टर्बोपंप दोन्ही मिळून सेकंदाला साधारण सव्वाशे किलो आत ढकलायचा. चेंबर वितळू नये म्हणून अल्कोहोल आधी त्याच्या दुहेरी भिंतीतून फिरवायचे. वळवण्यासाठी थेट ज्वाळेत ग्राफाइटची पाती, आणि त्यांना हुकूम देणारे जायरोस्कोप. ३ ऑक्टोबर १९४२ ला हे यंत्र पहिल्यांदा नीट उडालं आणि ८० किलोमीटरच्या वर गेलं. माणसाने बनवलेली वस्तू त्याआधी अवकाशाच्या इतकी जवळ कधी गेली नव्हती. त्या दिवशी पेनेम्युंडेला जो जल्लोष झाला असेल तो मी समजू शकते. आमची साधी गो-कार्ट पहिल्यांदा चालली तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये नाचलो होतो.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले. मग उत्पादन जमिनीखाली न्यायचं ठरलं. जागा निवडली ती कोनश्टाइन टेकडी. तिथे जिप्समच्या जातीच्या दगडाची जुनी खाण होती, इंधन साठवायला बोगदे खणणं चालूच होतं. आणि कामगार? ते बुखेनवाल्ड छळछावणीतून आणायचे. २८ ऑगस्ट १९४३ ला पहिले १०७ कैदी आले. वर्ष संपेपर्यंत ते दहा हजारांच्या वर गेले. या नव्या छावणीचं सांकेतिक नाव होतं डोरा.

बोगद्यात एकट्याने जाता येत नाही, गाइडबरोबरच जावं लागतं. आमचा गट पंधराएक जणांचा होता. गाइडबाई जर्मनमध्ये सांगत होत्या आणि काका माझ्या कानाशी हळू आवाजात मराठीत. बाहेर ऊन होतं. आत शिरलो आणि एकदम गारठा, आठ-नऊ डिग्री. मे महिन्यातही इतकंच आणि जानेवारीतही इतकंच, असं त्या म्हणाल्या. मूळ तोंडं युद्धानंतर रशियन सैन्याने स्फोटाने बंद केली होती. १९९० नंतर नवीन वाट खोदली, आपण तिच्यातून जातो.

आत मी पहिल्यांदा लेआउट बघितला, सवयच आहे. दोन समांतर मुख्य बोगदे, प्रत्येकी जवळपास १.८ किलोमीटर. त्यांना जोडणारी ४६ आडवी दालनं. आडवी ठेवलेली शिडीच. एका बोगद्यातून रेल्वेने माल आत यायचा, दालनांत सुटे भाग तयार व्हायचे, दुसऱ्या बोगद्यात रॉकेट रुळांवरून एकेक टप्पा पुढे सरकत जोडलं जायचं. ४१ नंबरचं दालन खोल खणलेलं, कारण तिथे रॉकेट उभं करून तपासायचे. मनात आलं, काय सुंदर प्लांट लेआउट आहे! प्रॉडक्शनच्या पेपरात हा काढला असता तर दहापैकी दहा मिळाले असते.

मग काकांनी पुढचं भाषांतर केलं. ४३ ते ४६ नंबरची दालनं ही झोपायची जागा होती. चार मजली लाकडी फळ्या. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच फळ्यांवर आडवी व्हायची. शेजारीच बोगदा वाढवायला सुरुंग उडत असायचे, धुळीने श्वास कोंडायचा. पिण्याच्या पाण्याचेच हाल, तर अंघोळ कुठली. संडास म्हणजे तेलाचे पिंप मधोमध कापायचे आणि वर फळी टाकायची. माणसं आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन् महिने सूर्य न बघता जगली. जगली म्हणजे काय, ऑक्टोबर १९४३ ते मार्च १९४४ या सहा महिन्यांत जवळपास तीन हजार माणसं मेली. आणखी साधारण तीन हजार जण कामाच्या उपयोगाचे उरले नाहीत म्हणून मरायला दुसऱ्या छावण्यांत पाठवून दिले. राहायच्या बराकी बाहेर बांधल्या गेल्या त्या नंतर. आधी मशिनं बसवली, मग माणसांची सोय. प्रायॉरिटी लिस्ट कुणीतरी केलीच असेल ना.

लोखंडी पुलावरून चालताना खाली गंजलेले तुकडे दिसत होते. पंखाचे पत्रे, टाक्यांचे भाग, पाइप. पुढे बोगद्यात पाणी भरलंय, तिथे जाता येत नाही. मी वर्षभर ज्याचे डायग्राम काढत होते ते सगळं तिथे चिखलात पडलं होतं. कैदी मुद्दाम कच्चं वेल्डिंग करतात असा संशय आला की शिक्षा फाशीची. मार्च १९४५ मध्ये तर बोगद्यातल्या क्रेनला एकाच वेळी अनेकांना लटकवलं गेलं, आणि बाकीच्यांना त्यांच्याखालून कामाला जावं लागलं. क्रेनला. आपण मटेरियल हँडलिंगमध्ये शिकतो त्या क्रेनला.

मी काकांना विचारलं की फॉन ब्राउन इथे आला होता का. मला नाही असं उत्तर हवं होतं.

तो आला होता, अनेकदा आला होता. हे त्याने स्वतःही पुढे मान्य केलं. त्याचं ऑफिस पेनेम्युंडेला, पण डिझाइनमध्ये सतत बदल होत होते, त्यामुळे खेपा घालाव्या लागायच्या. त्याचा धाकटा भाऊ मॅग्नुस तर १९४४ च्या सप्टेंबरपासून याच कारखान्यात नोकरीला होता. मे १९४४ मध्ये इथे एक बैठक झाली, तीत आणखी अठराशे कुशल फ्रेंच कैदी आणण्याची चर्चा झाली. त्या बैठकीला तो हजर होता. आणि १५ ऑगस्ट १९४४ चं त्याचं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात त्याने कळवलंय की एका नव्या प्रयोगशाळेसाठी लायक कैदी निवडायला तो जातीने बुखेनवाल्डला गेला होता आणि त्यांच्या बदलीचं तिथल्या कमांडंटशी बोलणं झालं आहे.

बुखेनवाल्ड आहे एटर्सबेर्ग टेकडीवर. म्हणजे ज्या वाड्यात तो हॉस्टेलवर राहून गणित शिकला, त्या एटर्सबुर्गपासून अगदी थोड्या अंतरावर. त्याच टेकडीवर तो आता माणसं निवडायला गेला होता. त्या वेळी त्याला शाळा आठवली असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. कैद्यांमध्ये फिजिक्सचा एक फ्रेंच प्राध्यापक होता. त्याला जरा बरी वागणूक मिळावी म्हणून फॉन ब्राउनने खटपट केली होती. म्हणजे तो राक्षस नव्हता. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतल्या एका माणसात त्याला प्राध्यापक दिसला. पण मग बाकीचे हजारो त्याला काय म्हणून दिसत होते? मॅनपॉवर?

त्याच्या बाजूनेही सांगायला हवं. कैद्यांचा ताबा एसएसकडे होता, मजूर कसे वापरायचे हे धोरण वरून ठरत होतं. मार्च १९४४ मध्ये खुद्द त्यालाच गेस्टापोने पकडलं होतं. युद्ध हरणार आणि खरं तर अंतराळात जायचंय, असं काहीबाही तो एका पार्टीत बोलला, असा आरोप होता. साधारण दोन आठवडे तो कोठडीत होता. मग वरिष्ठांनी त्याच्यावाचून रॉकेट अडेल असं सांगून सोडवलं. तेव्हा तो भ्यायला असणारच. पण रॉकेट त्याच्यावाचून अडत होतं हेही त्याच वेळी सिद्ध झालं, आणि ते वजन त्याने डोरासाठी कुठे खर्च केल्याची नोंद नाही.

८ सप्टेंबर १९४४ ला पहिलं व्ही-टू लंडनवर पडलं. त्यानंतर तीन हजारांवर रॉकेटं सुटली, जास्तीत जास्त लंडनवर आणि बेल्जियममधल्या अँटवर्पवर. काही हजार माणसं गेली. डोरा आणि तिच्या भोवतालच्या बांधकामाच्या छावण्या मिळून सुमारे साठ हजार कैदी आले आणि त्यांतले सुमारे वीस हजार मेले. हे रॉकेट पडून जेवढे मेले, त्याहून जास्त ते बनवताना मेले. असं दुसरं शस्त्र इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढचं आयुष्य माझ्या सेमिनारचा हिट भाग होता. ११ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य नॉर्डहाउझेनला पोचलं. त्यांना हजाराहून जास्त प्रेतं सापडली आणि बोगद्यात रॉकेटं. प्रेतं गावकऱ्यांकडून पुरून घेतली. साधारण शंभर रॉकेटं होतील एवढे भाग भरून अमेरिकेला पाठवले. २ मे ला फॉन ब्राउन ऑस्ट्रियाच्या हद्दीत शरण आला. भाऊ सायकलवरून पुढे गेला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने अमेरिकन सैनिकाला गाठलं. अपघातात मोडलेला हात प्लास्टरमध्ये, अशा अवस्थेतला फॉन ब्राउनचा हसरा फोटो प्रसिद्ध आहे. माझ्या बाराव्या स्लाइडवर तोच होता.

नंतर टेक्सास, १९५० पासून अलाबामातलं हंट्सव्हिल, १९५५ मध्ये अमेरिकन नागरिकत्व. त्याच वर्षी डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात तो घराघरांत पोचला. ३१ जानेवारी १९५८ ला एक्स्प्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह त्याच्या टीमच्या रॉकेटवर गेला. १९६० मध्ये नासाच्या मार्शल सेंटरचा तो पहिला डायरेक्टर. आणि मग सॅटर्न-५! ११० मीटर उंच, सुमारे २९०० टन, तेरा उड्डाणं आणि एकदाही आकाशात फुटलं नाही. १६ जुलै १९६९ ला अपोलो-११ त्याच्यावरून निघालं. चंद्रावर माणूस गेला तो याच माणसाच्या टीमच्या खांद्यावर बसून. हे खोटं नाही, आणि लहानही नाही. मला आजही त्या रॉकेटचा फोटो बघून शहारा येतो.

त्याच १९६९ च्या फेब्रुवारीत डोरातल्या एसएसवाल्यांवर जर्मनीत एसेनला खटला चालू होता. त्यासाठी फॉन ब्राउनची साक्ष अमेरिकेतच घेतली गेली. परिस्थिती भयंकर होती, मृत्यूंबद्दल कानावर आलं होतं, पण आपण स्वतः मेलेला किंवा मार खाणारा कैदी पाहिला नाही, असा त्याच्या सांगण्याचा सूर होता. पाच महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला आणि त्या साक्षीकडे कोण बघतो? १६ जून १९७७ ला तो कॅन्सरने गेला, वय ६५. त्याच्या हयातीत बहुतेक गौरवग्रंथांत आणि भाषणांत पेनेम्युंडेनंतर थेट अमेरिका यायची. १९८४ मध्ये त्याचा जुना सहकारी आर्थर रुडॉल्फ, म्हणजे डोरातल्या उत्पादनाचा प्रमुख आणि पुढे सॅटर्न-५ प्रकल्पाचा मॅनेजर, चौकशी टाळायला अमेरिकन नागरिकत्व सोडून जर्मनीला परतला, तेव्हा कुठे लोक विचारायला लागले. म्हणजे ती स्लाइड माझ्याआधी पुष्कळांनी गाळली होती. सगळ्यात आधी त्यानेच.

बोगद्यातून बाहेर आल्यावर आम्ही वर छावणीच्या जागेवर गेलो. बराकी बहुतेक गेल्यात, झाडं वाढलीत, गवतात पाये दिसतात. हजेरीचं मैदान तसंच मोकळं आहे. टेकडीच्या उतारावर स्मशानभट्टीची छोटी इमारत आहे, समोर कैद्यांचं शिल्प. आत भट्ट्यांचे दरवाजे. बिजागरी, खटका, कास्टिंग, सगळं नीट बनवलेलं. तेही कुणा इंजिनिअरनेच डिझाइन केलं असणार, टॉलरन्स वगैरे बघून. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. काकांनी पाण्याची बाटली दिली आणि काही बोलले नाहीत.

शाळेत सिस्टर आम्हाला मॉरल सायन्सच्या तासाला सांगायच्या की केलेलं पाप एक, आणि करायचं होतं ते न केल्याचं पाप दुसरं. दहावीपर्यंत मला ते दुसरं कधी कळलंच नाही. न केलेलं पाप कसं असेल, असं वाटायचं. डोराच्या पायरीवर ते थोडंसं कळलं. फॉन ब्राउनने स्वतःच्या हाताने कुणाला मारलं असा काही पुरावा नाही. तो ड्रॉइंग तपासायचा, टेस्ट रिपोर्ट बघायचा, मीटिंगला बसायचा. आपण सगळे पुढे जाऊन अगदी हेच करणार आहोत.

मित्रांनो, मी त्याचा फोटो भिंतीवरून काढलाय का, असं रूममेटने विचारलं. काढला नाही. गणितात नापास झालेला मुलगा जिद्दीने चंद्रापर्यंत पोचला हे खरंच आहे, आणि मला एम-थ्रीच्या पेपराआधी ते अजूनही उपयोगी पडतं! फक्त त्या फोटोखाली मी आता बोगद्याचा एक फोटो चिकटवलाय. दोन्ही एकत्र बघायची सवय अजून होत नाहीये.

पुढच्या सेमिस्टरला सेकंड इयरच्या मुलांसमोर तोच सेमिनार पुन्हा द्यायचं सरांनी कबूल केलंय. वेळ तीच, दहा मिनिटं. तेवीस स्लाइड्स बसत नाहीत, हे मला माहीत आहे. यावेळी डिस्नेची काढेन.